गोष्ट हे औषध आहे का? गोदाकाठची एक जुनी कथा आणि परभणीचे बी. रघुनाथ

"डॉक्टर, कशात मन लागत नाही. शक्तीची एखादी गोळी द्या." अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी तपासणी करता करता एक प्रश्न हमखास विचारतो, "काही वाचता का?" उत्तरं ठरलेली असतात. "पेपर वाचतो." "पोथी वाचते." "मोबाईलवर येतं ते वाचतो." कथा-कादंबरीचं नाव काढलं की मात्र लोक हसतात. या वयात कादंबऱ्या कसल्या वाचायच्या, असं त्यांचं म्हणणं असतं. काही पालकांची तर उलटीच तक्रार असते : "मुलगी अभ्यास सोडून गोष्टींची पुस्तकं वाचते, तिला जरा समजवा."

गोष्ट वाचणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. पण इतिहास पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. गोष्टीचा माणसाच्या मनावर आणि शरीरावर काय परिणाम होतो, याचा विचार आपल्याच गोदावरीच्या काठावर फार पूर्वी झालेला आहे. आज तो इतिहास थोडक्यात पाहू. आधुनिक संशोधन काय म्हणतं आणि घरच्या घरी काय करता येईल, हे त्यानंतर सांगतो.

वैद्यांनी शोधून काढलेलं कारण

आपल्या परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी वर पैठणहून येते. पैठण ही सातवाहन राजांची राजधानी. या राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याची एक दंतकथा आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात ती सापडते.

गुणाढ्याने सात लाख श्लोकांची एक प्रचंड कथा लिहिली. तीही पैशाची या लोकभाषेत, आणि रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. ती त्याने राजाकडे पाठवली. राजाने भाषा हलकी म्हणून ती परत केली. दुखावलेला गुणाढ्य एका टेकडीवर गेला, त्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. ऐकायला रानातली जनावरं जमली. ती डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली आणि चरायचं विसरली.

इकडे राजा आजारी पडला. वैद्य आले. त्यांनी तपासून सांगितलं की राजाच्या जेवणातलं मांस सुकलेलं, निकस आहे, त्यामुळे हा आजार झाला. आचाऱ्याला विचारलं, त्याने शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, "काय करणार, टेकडीवर एक माणूस गोष्ट वाचतोय आणि जनावरं खात-पीत नाहीत." राजा धावत तिथे गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लाख वाचले, तीच 'बृहत्कथा'.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ती रचणाऱ्याने एक गोष्ट बरोबर हेरली होती. गोष्टीत गुंतलेला जीव स्वतःची भूक, तहान, दुखणं काही काळ विसरतो. आज मानसशास्त्र ज्याला कथेत हरवून जाणं म्हणतं, ते हेच. आणि वैद्यांचा त्या आजाराशी आलेला संबंध वाचून मला दरवेळी गंमत वाटते. दुखण्याचं मूळ पुष्कळदा रुग्णाच्या शरीरात नसतं, त्याच्या भोवतालात असतं, हे त्या वैद्यांनाही शोधत जावं लागलं.

याच खोऱ्यात तेराव्या शतकात चक्रधरस्वामी फिरले. अवघड विचार समजावताना ते छोटे-छोटे दृष्टान्त सांगत. त्यांचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. पुढे श्रीधरांचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप' चातुर्मासात घरोघर वाचले जाऊ लागले. एक जण वाचणार, बाकी दहा जण ऐकणार. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या आयाबायाही असत. द्रौपदीवरच्या प्रसंगाला त्यांच्या डोळ्यांत पाणी येई आणि ते कुणाला वावगं वाटत नसे. घरात जे रडणं दाबून ठेवावं लागे, त्याला पोथीपुढे मोकळीक होती.

कादंबरी हे मुळात एका मुलीचं नाव

इंग्रजीतल्या 'नॉव्हेल'ला आपण 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द कुठून आला, माहीत आहे? सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने एक संस्कृत गद्यकथा लिहिली. तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. पुस्तक पुरं व्हायच्या आत बाणभट्ट गेला आणि ते त्याच्या मुलाने पूर्ण केलं. मराठीने आणि कन्नडनेही या एका नायिकेचं नाव सगळ्याच कादंबऱ्यांना देऊन टाकलं.

एकोणिसाव्या शतकात छापील कादंबऱ्या आल्या तेव्हा मात्र सगळीकडे एकच ओरड सुरू झाली. युरोपात काही डॉक्टरसुद्धा सांगत की कादंबऱ्यांनी मज्जातंतू कमकुवत होतात, विशेषतः स्त्रियांचे. आपल्याकडेही 'मुली बिघडतील' ही धास्ती होतीच. आज मोबाईलबद्दल आपण जे बोलतो, जवळपास तेच तेव्हा कादंबरीबद्दल बोललं जाई.

प्रत्यक्षात मराठी कादंबरीने काय केलं? १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विषय होता विधवांची दुःखं. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. यात यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी स्वतःच सांगते : बालपण, लग्न, नवऱ्याचा मृत्यू आणि त्यानंतरचं केशवपन.

त्या काळातला एखादा कर्ता पुरुष डोळ्यांसमोर आणा. त्याच्या घरातही अशी एखादी विधवा असेल, लाल आलवणात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तो तिला रोज पाहतो, पण तिच्या मनात काय चाललंय हे त्याला कधी विचारावंसं वाटलेलं नाही. आता दर आठवड्याला तो यमूच्या 'मी'मध्ये शिरून बसतो. तिला वाटणारी भीती त्याला आतून कळते. कोर्टकचेऱ्यांनी आणि व्याख्यानांनी जे साधलं नव्हतं, ते काम एका काल्पनिक मुलीने केलं. पुस्तकाचं नावच एक प्रश्न होतं आणि वाचणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागत होतं.

परभणीत कुणी लिहिलं?

पुण्या-मुंबईत हे घडत असताना आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळेत वरच्या वर्गांत उर्दू, कचेरीत उर्दू, घरात मराठी. मराठी पुस्तकं मुख्यतः बाहेरून यायची. वाचनालय काढायचं, चार माणसं जमवायची, तरी सरकारची नजर असे. तरीही परभणीत गणेश वाचनालयासारखी संस्था उभी राहिली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, हे मला विशेष वाटतं. त्या काळात वाचनालय म्हणजे आपली भाषा मोठ्याने बोलण्याची जागा होती.

पण बाहेरून आलेल्या कादंबऱ्यांत एक अडचण होती. त्यांतली माणसं पुण्याच्या वाड्यांत राहत, मुंबईच्या चाळींत राहत. परभणीच्या वाचकाला आपलं गाव, आपली कचेरी, आपली बोली पुस्तकात सापडत नसे. ही उणीव भगवान रघुनाथ कुलकर्णी यांनी भरून काढली. मराठी साहित्यात त्यांना बी. रघुनाथ म्हणतात.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना या गावचा. पोटासाठी त्यांनी संस्थानाच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात लिहिलं. कविता तर लिहिल्याच, पण कथा आणि कादंबऱ्याही लिहिल्या. 'ओ', 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी' ही त्यांच्या कादंबऱ्यांची नावं. निजामी राजवटीतला मराठवाडा, तिथली लहान गावं, तुटपुंज्या पगारावरची माणसं, त्यांची ओढाताण हे त्यांच्या लेखनाचं जग. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर आलेल्या त्यांच्या कादंबरीचं 'जगाला कळले पाहिजे' हे नाव वाचलं की या भागाची तेव्हाची गरज एका ओळीत कळते. आपल्यावर काय गुजरलं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

मनाच्या आरोग्याशी याचा थेट संबंध आहे. त्रासात असलेल्या माणसाला सर्वांत जास्त छळणारी भावना असते, "हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय." आपल्यासारखाच एखादा कारकून, आपल्यासारखीच एखादी सासुरवाशीण पुस्तकात भेटली की ती भावना सैल होते. दुःख संपत नाही, पण त्याला नाव मिळतं. नाव मिळालेल्या दुःखाबद्दल बोलता येतं. माझ्यासमोर बसलेले कितीतरी रुग्ण "छातीत धडधडतं", "डोकं जड राहतं" एवढंच सांगू शकतात. त्यामागची भीती किंवा दुःख सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. शब्द सापडण्याची एक जागा म्हणजे कथा.

बी. रघुनाथांचं निधन ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत झालं. चाळिशी नुकतीच पूर्ण झाली होती. 'आडगावचे चौधरी' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकांत बुडालेला माणूस आजारी पडत नाही किंवा लवकर जात नाही, असं कुणी समजू नये. गोष्ट मनाला आधार देते. रक्तदाब, साखर आणि हृदय यांची काळजी वेगळी घ्यावीच लागते.

परभणीची ही परंपरा पुढेही चालू राहिली. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं. २०१६ साली परभणीचे पत्रकार-कथाकार आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या गावांतलं आजचं जगणं ज्यांना कथेत वाचायचं आहे, त्यांना दूर शोधायला जायची गरज नाही.

आजचं संशोधन काय सांगतं?

'पुस्तकाने उपचार' या कल्पनेला इंग्रजीत 'बिब्लिओथेरपी' म्हणतात. हा शब्द १९१६ साली सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने एका लेखात वापरला. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात जखमी सैनिकांच्या इस्पितळांत पुस्तकं पोचवली जात होती. त्यानंतर शंभर वर्षांत बरंच संशोधन झालं. त्यातलं पक्कं काय आणि कच्चं काय, हे वेगळं करून सांगतो.

पहिली गोष्ट, दुसऱ्याचं मन समजणं. गोष्ट समजून घेताना आणि प्रत्यक्षात दुसऱ्या माणसाच्या मनात काय आहे याचा अंदाज घेताना मेंदूचे बरेचसे तेच भाग काम करतात. म्हणजे कथा हा एक सराव आहे. २०१३ साली एका गाजलेल्या प्रयोगात असा दावा झाला की चांगल्या साहित्याचा छोटासा उतारा वाचल्यावर लगेच ही क्षमता वाढते. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. २०१८ साली अशा १४ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात परिणाम दिसला, पण लहानसा. एका गोष्टीने कुणी समंजस होत नाही. सवय लागली तर थोडा फरक पडू शकतो, इतकंच आज म्हणता येईल.

दुसरी गोष्ट, झोप. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९१ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने आठवडाभर झोपण्यापूर्वी अंथरुणात पुस्तक वाचलं, दुसऱ्याने वाचलं नाही. वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांना झोप सुधारली असं वाटलं, न वाचणाऱ्यांपैकी २८ टक्के लोकांना. फरक फार मोठा नाही, पण खर्च शून्य आणि दुष्परिणामही नाही.

तिसरी गोष्ट, म्हातारपणची स्मरणशक्ती. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरील ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं, नाच यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी आढळलं. २०१६ साली पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकन लोकांच्या अभ्यासात पुस्तकं वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी २३ महिने जास्त जगले असं दिसलं. पण हे आकडे जपून घ्या. जो वाचतो त्याचं शिक्षण, उत्पन्न, तब्येत मुळात बरी असू शकते. संशोधकांनी त्याचा हिशेब धरला होता, तरी वाचनामुळेच आयुष्य वाढलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो निरोप, 'फक्त ६ मिनिटं वाचा, ताण ६८ टक्के कमी करा'? तो फारच थोड्या लोकांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगातून आला आहे. त्यावर विसंबू नका.

या सगळ्याचा अर्थ असा की गोष्ट हे औषध नाही. तिचा डोस नसतो. चालणं, चांगली झोप, चार माणसांत मिसळणं यांच्या पंगतीत वाचनाला बसवायला हवं. चिंतेत माणसाचं मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत असतं. "विचार करू नका" म्हटल्याने ते थांबत नाही. त्याला दुसरीकडे न्यावं लागतं. कथा ते काम हळूच करते, कारण पुढे काय झालं हे जाणून घ्यायची ओढ प्रत्येकाला असते.

वाचन सुटलं असेल तर कारण शोधा

डॉक्टर म्हणून मला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आयुष्यभर वाचणारा माणूस अचानक वाचायचं थांबतो, तेव्हा घरचे म्हणतात, "वय झालं." पण प्रत्येक वेळी कारण वय नसतं.

चाळिशीचा चष्मा कित्येक वर्षांत बदललेला नसतो. मोतीबिंदू वाढलेला असतो आणि तो लहानशा शस्त्रक्रियेने बरा होण्यासारखा असतो. नैराश्यात लक्ष टिकत नाही, एकच पान तीनदा वाचूनही काही उमगत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला गोष्टीतली माणसं लक्षात राहत नाहीत, धागा सुटतो. साखर वाढली की नजर धूसर होते. म्हणून वडीलधाऱ्यांचं वाचन बंद झालेलं दिसलं तर आधी डोळे तपासा, मग डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

काय करता येईल?

१. रोज रात्री झोपण्याआधी १५-२० मिनिटं कागदी पुस्तक वाचा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. रहस्यकथेने झोप उडत असेल तर ती दिवसा वाचा.

२. सुरुवात लघुकथेने करा. एका बैठकीत संपते आणि 'पुरं केलं' हे समाधान मिळतं. आवडलं नाही तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा, ही परीक्षा नाही.

३. वाचता येत नसेल किंवा डोळे साथ देत नसतील तर ऐका. नातवाने आजीला रोज चार पानं वाचून दाखवली तर दोघांनाही फायदा आहे. पोथीवाचनाची जुनी रीत हीच होती.

४. वाचलेलं कुणाला तरी सांगा. "त्या बाईनं असं का केलं असेल?" या प्रश्नावर घरात चर्चा होऊ द्या. स्वतःबद्दल न बोलणारी माणसं कथेतल्या पात्राबद्दल बोलता बोलता मोकळी होतात.

५. एखाद्या कथेने जुनी जखम उघडी पडत असेल, वाचून अस्वस्थता वाढत असेल, तर थांबा. सगळ्यांना सगळ्या गोष्टी मानवत नाहीत.

६. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुस्तकावर वेळ काढू नका. डॉक्टरांकडे या. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येतं, मराठीतही. चालू असलेलं औषध मनाने बंद करू नका.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर या महिन्यात त्याचे सभासद व्हा. घरी आणलेलं पुस्तक ठरलेल्या तारखेला परत करायचं असतं, त्या निमित्ताने ते वाचूनही होतं आणि घराबाहेरही पडणं होतं. सांधे, मन आणि एकटेपणा, तिघांनाही ते चांगलं. कुठलं पुस्तक घ्यावं असा प्रश्न पडला तर ग्रंथपालांना बी. रघुनाथांच्या कथा विचारा. आणि पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा रिपोर्टांच्या फाईलबरोबर काय वाचलंत तेही सांगा.